तिने एकदाच सांगावं म्हणून

आमच्या म्हैसूरच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक निघतो, त्याच्या संपादकांना माझ्याकडून पाककृती हव्या होत्या. संपादक पुण्याकडचे, इथल्या एका संगणक कंपनीत नोकरीला, वयाने माझ्या भाच्याएवढे. जुन्या म्हैसूरकर मराठी घरांत काय काय खास शिजतं ते लिहा म्हणाले. मी म्हटलं, स्वयंपाक माझी जाऊ चांगला करते, तिला विचारा. मी माझ्या नोकरीबद्दल लिहीन. कसली नोकरी, ते मी सांगितलं. ते म्हणाले, "लिहा, मावशी. फक्त अंक घरात सगळेच वाचतात, हे लक्षात असू द्या."

घरात सगळे वाचतात म्हणूनच लिहिते आहे.

मी पद्मा माने. आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, त्यानंतर आमच्या घरात घोड्यावर कुणी बसलेलं नाही. आम्ही अग्रहार या जुन्या वस्तीत राहतो, घरात मराठी बोलतो. पण ते मराठी ऐकून महाराष्ट्रातून आलेले लोक हसू दाबतात, कारण 'बरं' म्हणायच्या जागी आम्ही 'आयतु' म्हणतो आणि निम्मं वाक्य कन्नडमध्ये कधी गेलं ते आमचं आम्हाला कळत नाही. सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. बरीच वर्षं अपघात विभागात काढली आणि शेवटची नऊ वर्षं त्याच दवाखान्यातलं महिला मदत केंद्र सांभाळलं. बलात्कार झालेल्या, मारहाण झालेल्या बायका तिथे यायच्या. लग्नाकार्यात कुणी विचारलं तर मी 'दवाखान्यात' एवढंच सांगायची. मग लोक आपला रक्तदाब सांगायला लागत आणि सगळ्यांचीच सुटका होई.

या लेखातली बायकांची नावं बदललेली आहेत. कायद्याने बदलावीच लागतात. कायदा नसता तरी बदलली असती.

केंद्र सुरू होण्याआधीची एक गोष्ट पहिल्यांदा सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. मी अपघात विभागात होते. सकाळी एका कॉलेजातल्या मुलीला तिची आई घेऊन आली. काय झालं होतं ते मुलीने केसपेपरच्या खिडकीशी, रांगेत उभं राहून सांगितलं, कारण खिडकीतल्या माणसाने आजार काय म्हणून विचारलं. मग आमच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ही पोलीस केस आहे म्हणून दवाखान्यातल्या चौकीत पाठवलं, तिथे सांगितलं. चौकीतून स्त्रीरोग विभागात, तिथे आधी शिकाऊ डॉक्टरला आणि मग मोठ्या डॉक्टरांना. तिथून पोलीस ठाण्यात. ठाण्यात हद्द आमची नाही म्हणून दुसऱ्या ठाण्यात. फाईल हातात घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर तिला नेणारी मीच होते. दुपारी चारच्या सुमारास सातव्या टेबलावर पोहोचलो. तिथल्या माणसाने मान वर न करता काय झालं विचारलं आणि ती मुलगी म्हणाली, "मी जिन्यावरून पडले."

तिची आई तिला घरी घेऊन गेली. पुढे काहीच झालं नाही. त्या दिवशी कुणीही तिच्याशी वाईट वागलं नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. खिडकीतला माणूस, डॉक्टर, चौकीतला हवालदार, मी, सगळ्यांनी आपापलं काम नियमाने केलं होतं. त्या नियमानेच तिला जिन्यावरून पाडलं.

केंद्राची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं: तिने टेबलांकडे जायचं नाही, टेबलांनी तिच्याकडे यायचं. बोलायला सोपं आहे. करायला चार बायका लागल्या आणि वर्षभर भांडणं झाली. स्त्रीरोग विभागाच्या डॉक्टर नागरत्ना, पोलीस उपनिरीक्षक शोभा, मोफत कायदा सल्ला देणाऱ्या वकील मंजुळा आणि मी. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी माझ्या खोलीत बसायचो. डॉक्टरांचं म्हणणं, आधी उपचार, पोलिसांनी दाराबाहेर थांबावं. शोभाचं म्हणणं, तुम्ही उपचार करता करता पुरावा धुऊन टाकता. मंजुळा म्हणायची, तुम्ही दोघी जे लिहिता ते कोर्टात टिकत नाही, आणि लिहिता त्या अक्षरात तर वाचताही येत नाही. मी चहा करायची आणि कुणी उठून जात नाही ना यावर लक्ष ठेवायची.

हळूहळू जमलं. बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडक्यात सांगते. बाई आली की ती एका खोलीत बसते, बाकी सगळे तिथे येतात. आधी तिला दुखतंय का, भूक लागली आहे का ते बघायचं. गर्भ राहू नये म्हणून गोळी, एचआयव्ही होऊ नये म्हणून औषध. ते औषध बहात्तर तासांच्या आत सुरू करावं लागतं आणि पुढे अठ्ठावीस दिवस घ्यावं लागतं. तपासणीत प्रत्येक गोष्टीच्या आधी तिला विचारायचं आणि ती नको म्हणाली तर थांबायचं. तक्रार करायची की नाही ते तिने ठरवायचं. सज्ञान बाईने पोलीस नको म्हटलं तरी तिला उपचार नाकारता येत नाहीत. कपडे सावलीत वाळवून कागदाच्या पाकिटात लाखेने बंद करायचे. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि पुरावा नासतो. हे मी किती हवालदारांना किती वेळा सांगितलं असेल! एकाने तरीही साडीच्या दुकानाची चकचकीत पिशवी आणली होती. शेवटी मी शाळेच्या पुस्तकांना घालतात त्या खाकी कागदाची पाकिटं स्वतः चिकटवून कपाटात रचून ठेवली. दवाखान्यात दोरीवर सावलीत कपडे वाळताना बघून वरच्या मजल्यावरच्या एका अधिकाऱ्याने, तुमच्याकडे धुलाई केंद्र कधी सुरू झालं, असं विचारलं होतं. मी त्यांना खुर्ची दिली आणि पाऊण तास समजावून सांगितलं. ते परत आले नाहीत, पण आम्हाला बंद होणारं कपाट मिळालं.

आता रेखाची गोष्ट.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास दोन बायका आल्या. एक पन्नाशीची, जयम्मा, कडकोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भात शिजवणारी. दुसरी तेवीस-चोवीस वर्षांची रेखा, त्याच कारखान्यात पॅकिंगला, ठेकेदारामार्फत लागलेली. रेखा नांदेडकडची, तिला कन्नड येत नव्हतं. जयम्माला कन्नडशिवाय काही येत नव्हतं. मग हिला काय झालं ते तुम्हाला कसं कळलं, मी जयम्माला विचारलं. ती म्हणाली, शनिवारी ताट तसंच ठेवून उठली, आज नाश्त्याला ताटच घेतलं नाही, आणि ठेकेदाराचा मुकादम आत आला तेव्हा माझ्या लुगड्यामागे येऊन उभी राहिली. मला दोन मुली आहेत. एवढ्यावर ती चूल दुसरीच्या हवाली करून हिला बसमध्ये बसवून घेऊन आली होती.

रेखा मराठी आहे म्हटल्यावर मला हायसं वाटलं. दुभाष्या शोधायला नको. मी तिला म्हटलं, "सुम्ने बस जरा, घाबरू नको." तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. 'सुम्ने' म्हणजे उगीच, शांतपणे, हे तिला कुठून कळणार! मग मी जपून, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायला लागले.

डॉक्टर नागरत्ना आल्या. तपासणीच्या वेळी मी दोघींच्या मध्ये होते. डॉक्टर कन्नडमध्ये विचारायच्या, मी मराठीत, रेखा सांगायची, मी उलटं कन्नडमध्ये. शरीराबद्दलचं बोलणं होतं. पंचवीस वर्षं नर्स असलेल्या बाईला शरीराच्या शब्दांची लाज नसते. शिवाय डॉक्टरांची एक पद्धत होती. बाईच्या शरीराचं छापील चित्र त्या पुढे ठेवत आणि कुठे ते बोटाने दाखवायला सांगत. रेखाने दाखवलं. डॉक्टरांनी तिथे तिथे खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेपाशी, तिने स्वतः दाखवलं, असं लिहिलं. शनिवारचे कपडे तिने धुऊन टाकले होते. ओढणी मात्र धुवायची हिंमत झाली नव्हती, पिशवीत कोंबून ठेवली होती. ती पिशवी तिने बरोबरच आणली होती. आम्ही ती वाळवून पाकिटात घातली.

मग शोभा आली, साध्या कपड्यात. तिच्याबरोबर जबाब लिहून घ्यायला एक नवीन पोलीस मुलगी होती. दोन वेण्या काढून दप्तर पाठीला लावलं तर शाळेत खपली असती. शोभाने रेखाला म्हटलं, तुझ्या शब्दांत सांग, घाई नाही. रेखाने सांगितलं. शनिवारी जेवणाच्या सुट्टीआधी हजेरीत चूक आहे म्हणून मुकादमाने तिला गोदामात बोलावलं, दार लावलं. पुढचं तिने तिच्या गावाकडच्या उघड्या शब्दांत सांगितलं. तिच्याकडे तेच शब्द होते. सांगताना तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही.

आणि मी थांबले. त्या शब्दांना कन्नडमध्ये शब्द आहेत, मला ते माहीत आहेत. पण ते मी जन्मात तोंडातून काढले नव्हते. अग्रहारातल्या आमच्या घरात कुणी काढले नव्हते. समोर ती कोवळी मुलगी लेखणी उघडून बसलेली. मी म्हटलं, त्याने हिला धरलं आणि वाईट वागला. कन्नडमध्ये ते वाक्य फार सभ्य होतं. मुलीने ते लिहून घेतलं. शोभाने एकदा माझ्याकडे बघितलं, पण डॉक्टरांचा कागद आहेच, असं म्हणून ती पुढच्या प्रश्नाकडे गेली. जबाब वाचून दाखवला तोही मीच मराठीत, आणि तेव्हाही मला ते खटकलं नाही. रेखाला वाटलं असेल, लिहिण्याची रीत अशी असेल. तिने सही केली.

मुकादमाला दोन दिवसांनी पकडलं. त्यानंतर आमच्याकडे माणसं यायला लागली. पहिला आला ठेकेदाराचा व्यवस्थापक, सफरचंदांची टोपली घेऊन. गैरसमज झाला आहे म्हणाला, मुलगी भाषा न कळणारी आहे, तिला घरी पाठवायची सोय आम्ही करतो. मी त्याला बसवलं आणि आमच्या नियमाप्रमाणे येणाऱ्याने वहीत नाव, पत्ता, कुणाला भेटायचं आणि कशासाठी ते लिहावं लागतं, असं सांगितलं. हा नियम होताच, पण तो मी इतक्या प्रेमाने पूर्वी कुणाला सांगितला नव्हता. त्याने वळणदार अक्षरात लिहिलं: पीडितेला तक्रार मागे घेण्याबाबत समजावण्यासाठी. खाली सही केली. तो पायऱ्या उतरेपर्यंत मी शोभाला फोन लावला होता. ती वही पुढे कोर्टात गेली आणि टोपली त्याच्या मागोमाग त्याला परत गेली.

दुसरा आला तो रेखाचा भाऊ. त्याच्याशी असं वागता येणार नव्हतं. दोन दिवस प्रवास करून आलेला, डोळे तांबारलेले, हातात बहिणीसाठी आईने दिलेला डबा. त्याला बहिणीला घेऊन जायचं होतं. व्हरांड्यात तो मला म्हणाला की गावात अजून कुणाला कळलेलं नाही, आत्ता नेलं तर कळणारही नाही, खटला लागला तर सगळं संपलं. तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता. मी त्याला म्हटलं, ती सज्ञान आहे, तिला विचारू. तिने जायचं म्हटलं तर मी स्वतः तुम्हाला स्टेशनवर सोडायला येईन. हे मी मनापासून म्हटलं होतं. ती जाईल अशीच मला भीती होती.

पाच दिवस ते औषध घेऊन रेखा हैराण होती, पोटात काही ठरत नव्हतं. तिने भावाचा डबा उघडला, वास घेतला आणि झाकण लावलं. म्हणाली, "दादा, तू जा. आईला सांग मी कामावर हाय. मी पळून गेले असं त्या मुकादमानं म्हणू नये."

भाऊ गेला. जाताना मला वाकून नमस्कार करायला लागला, मी त्याला करू दिला नाही.

औषधाचे ते अठ्ठावीस दिवस म्हणजे आमच्या गटाची खरी परीक्षा होती. मोठी कामं सगळ्यांना दिसतात. अशी लहान कामं कुणाच्याच कामात मोडत नाहीत. तिने गोळी घेतली का हे रोज सकाळी मी फोन करून विचारायची. जयम्माने तिला आपल्या घरात ठेवून घेतलं आणि मळमळ होते म्हणून ताकभात खाऊ घातला. कारखान्यात ती परत जाणार नव्हती, म्हणून मंजुळाने हूटगळ्ळीच्या एका शिलाई युनिटमध्ये तिच्यासाठी काम बघितलं. शोभा दर आठवड्याला जयम्माच्या गल्लीतून एक चक्कर टाकायची, गणवेश न घालता, दूधवालीशी गप्पा मारत. कुणी काय करायचं ते गुरुवारी ठरायचं आणि न करणाऱ्याला पुढच्या गुरुवारी सगळ्यांसमोर सांगावं लागायचं. यापेक्षा मोठी कुठलीही युक्ती आमच्याकडे नव्हती.

दीड महिन्याने मंजुळा गुरुवार नसताना माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं आणि टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक पोलिसांचा पहिला जबाब. दुसरा, मधल्या काळात तपासाचा भाग म्हणून रेखाने न्यायाधीशांसमोर दिलेला जबाब. तिथे दुभाष्या म्हणून कोर्टाने हुबळीकडच्या एका निवृत्त शिक्षकांना बोलावलं होतं. त्या गृहस्थांनी रेखाचा शब्द न् शब्द जसाच्या तसा सांगितला होता. त्या कागदावर बलात्कार होता. माझ्या कागदावर वाईट वागणूक होती.

मंजुळा म्हणाली, बचावाचा वकील हे पहिल्या दिवशी काढणार. आधी फक्त धरलं म्हणाली, मग कुणीतरी पढवलं आणि बलात्कार झाला, असंच तो म्हणेल. खटले अशा ठिकाणी पडतात. तिने मला विचारलं, "अक्का, रेखाने तेव्हा हेच सांगितलं होतं का?"

खोटं बोलायचा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. रेखाच तेव्हा घाबरून कमी बोलली, एवढं म्हटलं असतं तर कुणालाही पटलं असतं. मी म्हटलं, "तिने सगळं सांगितलं होतं. मी सांगितलं नाही."

मंजुळाने शोभाला बोलावून घेतलं. शोभाने सगळं ऐकून घेतलं. पहिला जबाब अपुरा होता हे तिने आता कागदावर आणलं तर वरचे अधिकारी तिलाच धरणार होते. आणखी एक अडचण मंजुळाने सांगितली. मी चूक कबूल केली तर बचावाचा वकील म्हणेल, डॉक्टरांच्या कागदावरचं भाषांतरही याच बाईचं, मग तेही खोटं. म्हणजे गप्प बसलं तरी रेखाचं नुकसान, बोललं तरी धोका. शेवटी शोभाच म्हणाली, पुरवणी जबाब घेऊ, रेखाचा आणि पद्मक्कांचाही, आजच्या तारखेचा. माझं काय व्हायचं ते मी बघते.

त्याआधी रेखाला सांगायला हवं होतं. ते काम मी दुसऱ्या कुणाला देऊ शकत नव्हते. मी हूटगळ्ळीला गेले. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली, आम्ही युनिटच्या कुंपणापाशी बसलो. मी जसं झालं तसं सांगितलं. ती आधी समजलीच नाही. मग समजली.

"बाई, मी तर सांगितलं होतं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"मला सांगताना लाज नाही वाटली. तुम्हाला वाटली?"

मी माफी मागितली. ती उठून आत गेली. सुट्टी संपायला अजून पंधरा मिनिटं होती. पुढचे आठ दिवस तिने माझा फोन घेतला नाही. मी जयम्माला करायची, त्या सांगायच्या, जेवते आहे, कामाला जाते आहे, तुमचं नाव काढत नाही. नोकरीत लोकांनी मला पुष्कळ काही सुनावलं आहे. त्या पंधरा मिनिटांइतकं काहीच लागलेलं नाही.

नवव्या दिवशी ती स्वतःच केंद्रात आली, शोभासमोर बसली. म्हणाली, यावेळी मी सांगते ते आधी मराठीत लिहा, मी वाचून बघते, मग काय करायचं ते करा. तिला सातवीपर्यंत शाळा होती. मी तिचे शब्द तिच्या भाषेत, देवनागरीत लिहिले, एकही शब्द न बदलता, आणि त्याच्या खाली कन्नड. तिने बोट लावून ओळ न् ओळ वाचली आणि एका ठिकाणी माझा शब्द खोडायला लावला. तेव्हापासून आमच्या केंद्रात तीच पद्धत झाली. बाई ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत आधी लिहायचं, मग भाषांतर. मराठी, हिंदी, तमीळ, काहीही असो. गटातल्या सगळ्यांनी ती मान्य केली तेव्हा ती कुणाच्या चुकीतून आली हे मी बैठकीत स्वतः सांगितलं. नवीन नर्स आली की तिलाही सांगायची.

खटला उभा राहायला दोन वर्षं लागली. तारखा पडत गेल्या. प्रत्येक वेळी रेखा अर्ध्या दिवसाची रजा टाकून यायची आणि परत जायची. साक्ष बंद दाराआड झाली, आरोपी तिला दिसू नये म्हणून मध्ये पडदा होता. ती दीड तास बोलली. मी बाहेर बाकावर होते, कारण माझीही साक्ष होती आणि मला आत बसता येत नव्हतं.

माझी पाळी आली तेव्हा बचावाच्या वकिलाने मंजुळाने सांगितलं होतं तेच केलं. फार सौजन्याने विचारलं, तुमचं शिक्षण किती, मराठी घरची भाषा ना, कन्नड उत्तम ना, मग भाषांतर चुकेल कसं? मी म्हटलं, चुकलं नाही, मी सौम्य केलं. का केलं? मला तो शब्द तोंडाने म्हणवला नाही. मग आज म्हणवेल का, त्याने विचारलं. त्याला वाटलं असावं की मी अडखळेन.

मी न्यायाधीशांकडे बघून रेखाचं वाक्य आधी मराठीत म्हटलं, मग कन्नडमध्ये, प्रत्येक शब्दासकट. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. टंकलेखक बाईंचा हात थांबला होता. न्यायाधीशांनी त्यांना लिहून घ्यायला सांगितलं. मग मी म्हटलं, "त्या दिवशी ही चूक माझ्याकडून झाली. साक्षीदार तेव्हाही हेच बोलली होती."

वकिलाने डॉक्टरांच्या कागदाकडे वळायचा प्रयत्न केला, तेही भाषांतर माझंच म्हणून. पण त्या चित्रावरच्या खुणांना भाषांतर लागलेलं नव्हतं. रेखाने स्वतःच्या बोटाने दाखवलेल्या जागा आणि डॉक्टर नागरत्नांनी त्याच तासाला तिथे नोंदवलेल्या जखमा, दोन्ही जुळत होत्या. ओढणीचा प्रयोगशाळेचा अहवाल होता. सफरचंदवाल्याची वळणदार अक्षरातली वही होती. आणि जयम्मा होत्या. भाषा कळत नसताना मुलीला काय झालं ते कसं समजलं, असं त्यांना विचारलं, तर त्यांनी ताट न घेण्याची गोष्ट तशीच्या तशी सांगितली.

निकाल मी निवृत्त व्हायच्या चार महिने आधी लागला. दोषी. शिक्षा झाली, त्याने वरच्या कोर्टात अपील केलं आहे, ते अजून चालू आहे. पहिला जबाब अपुरा राहिला म्हणून शोभाला लेखी ताकीद मिळाली. तिने ती एका गुरुवारी आम्हाला वाचून दाखवली आणि पर्समध्ये ठेवून दिली. ती कॉलेजातली मुलगी पुढे कुठे असेल ते मला माहीत नाही. आमच्या केंद्रात आलेल्या सगळ्यांचे खटले असे लागले असंही नाही. पुष्कळ पडले, पुष्कळ जणींनी तक्रारच केली नाही, आणि त्यातल्या प्रत्येकीला उपचार मिळाले एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकते.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या बाहेर आम्ही सगळ्या उभ्या होतो. जयम्मा रडत होत्या. रेखा रडली नाही. तिने भावाला फोन लावला, दोन वाक्यं बोलली आणि ठेवला. शोभा म्हणाली, गाडी आहे, सोडते. रेखा नको म्हणाली. पोलिसांच्या गाडीतून उतरलं की युनिटमधल्या बायका विचारत बसतात आणि तिला दोनच्या पाळीला पोहोचायचं होतं. मग मला म्हणाली, बाई, मला आता कन्नड येतं, तुम्ही माझ्याशी तुमच्यासारखंच बोला, पुस्तकातल्यासारखं नको. मी आयतु म्हटलं. बस आली, ती आणि जयम्मा चढल्या.

मी चालत केंद्रात आले. बाकावर एक बाई बसली होती, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, शेजारी तिची सासू. डॉक्टर नागरत्नांना कळवलेलं होतं, त्या निघाल्या होत्या. नव्या नर्सने पाणी दिलं होतं आणि अजून काही विचारलं नव्हतं. मी हात धुतले, बाईला आत खोलीत घेतलं, सासूला बाहेर खुर्ची दिली आणि दार लावलं. मग तिच्यासमोर बसून विचारलं, तू कोणत्या भाषेत बोलशील?

ती म्हणाली, तेलुगू.

ती मला येत नव्हती. मी फोन उचलला आणि तेलुगू येणारीला शोधायला लागले.